शांतता-उभारणी व माध्यमे (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी व लगतच्या मराठीभाषक पट्ट्यात भाषिक तणाव आटोक्यात ठेवण्यात वृत्तपत्रे, नभोवाणी, मोबाइल व समाजमाध्यमे यांचा वाटा. ‘शांतता-उभारणी’ ही संकल्पना नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९७०च्या दशकात मांडली असे सामान्यतः मानतात. संयुक्त राष्ट्रांच्या परिभाषेत ती १९९२ मध्ये महासचिव बुत्रोस घाली यांच्या अहवालामुळे रुळली. घाली यांचा रोख संघर्ष थांबल्यानंतरच्या घडीकडे, तर गाल्टुंग यांचा संघर्षाच्या मुळाशी असलेल्या रचनेकडे. सीमाभागात युद्ध झालेले नाही आणि वादही मिटलेला नाही. त्यामुळे येथे गाल्टुंग यांचीच मांडणी अधिक लागू पडते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल (१९६७) महाराष्ट्राने फेटाळला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

वृत्तपत्रांना येथे तटस्थ मध्यस्थ म्हणणे अवघड आहे. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेला ‘तरुण भारत’ सीमालढ्याचे मुखपत्रच मानला गेला. १ नोव्हेंबरला कन्नड पत्रांत राज्योत्सव (कर्नाटक स्थापना दिन), तर मराठी पत्रांत काळा दिन. सीमालढ्यातील बळींच्या स्मरणार्थ १७ जानेवारीचा हुतात्मा दिन प्रामुख्याने मराठी पत्रांतच. एकाच पेठेतले वाचक परस्परांची बातमी वाचत नाहीत. मात्र गाऱ्हाण्याला छापील वाट असणे हाही तणाव निवळण्याचा एक मार्ग होता.

मोबाइलमुळे अंतर नाहीसे झाले. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळील येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक हटवताना झालेल्या लाठीमाराची दृश्ये महाराष्ट्रभर पाहिली गेली. डिसेंबर २०२१ मधील साखळी अधिक बोलकी आहे. बेळगावात, सीमाभाग महाराष्ट्रात जावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्यावर शाईफेक झाली. त्यावरून कोल्हापुरात कन्नड ध्वज जाळला गेला. पुढे बंगळूरमध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि बेळगावच्या अनगोळमध्ये कर्नाटकातील स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड. तीन शहरांतील या घटना काही दिवसांतच एकमेकींना जोडल्या गेल्या, त्या मुख्यतः चित्रफितींमुळे. प्रशासनाचे उत्तर मात्र जुनेच, जमावबंदी.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या नावाच्या ट्वीटवरून वाद पेटला. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातील गावांवरील दाव्याचीही त्यात भर होती. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसवले. प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती, कायदा-सुव्यवस्थेसाठी ज्येष्ठ भारतीय पोलीस सेवा अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली दुसरी समिती, आणि वरिष्ठ नेत्यांच्या नावे उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांवर गुन्हे, असे ठरले. सीमावादाच्या वाटाघाटीत समाजमाध्यमाला स्वतंत्र कलम मिळाल्याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण. ट्वीट नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र सुटला नाही. ते आपले नव्हते, असे बोम्मई यांनी सांगितल्याचे महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले. महाराष्ट्रातील विरोधकांनी या खुलाशावर शंका घेतली. ते खरोखर बनावट होते, की समेटासाठी दोन्ही सरकारांना सोयीची पळवाट मिळाली, याविषयी मतभेद आहेत. दुसरी शक्यता अगदीच टाकाऊ नाही: शांतता-प्रक्रियेत दोष अनामिकाकडे वळवणे ही जुनी रीत आहे. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात दावा असलेल्या ८६५ गावांचा उल्लेख आहे.

व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ती अफवांमुळे घडलेल्या झुंडबळींनंतरची देशव्यापी तरतूद होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसवाहकाला मराठी-कन्नड बोलण्यावरून मारहाण झाली आणि आंतरराज्य बससेवा विस्कळीत झाली, तेव्हाही चित्रफिती भराभर फिरल्या.

नभोवाणीचे काम कमी गाजावाजाचे. आकाशवाणीची धारवाड व सांगली ही केंद्रे आपापल्या भाषेत दोन्हीकडे ऐकू येतात; बेळगावात ‘वेणुध्वनी’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे.