गलबताचा कप्तान कोण?

स्वित्झर्लंडमधल्या पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना संशोधकांनी संगणकावर एक खेळ दिला. ट्रॉयहून इथाकाला गलबत न्यायचं. मग दोन अनोळखी माणसांचे फोटो दाखवून विचारलं, 'यातल्या कोणाला कप्तान करशील?' हे फोटो होते फ्रान्सच्या २००२ च्या संसदीय निवडणुकीत अखेरच्या फेरीत समोरासमोर लढलेल्या उमेदवारांचे. मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी सुमारे ७१ टक्के वेळा मुलांनी निवडलेला कप्तान हाच प्रत्यक्षात निवडून आलेला उमेदवार निघाला. मोठ्या माणसांचे अंदाजही साधारण इतकेच जुळले. जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डालगास यांचा हा अभ्यास २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला.

त्याच्या चार वर्षं आधी प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव यांनी असाच प्रयोग अमेरिकी उमेदवारांचे फोटो घेऊन केला होता. फोटोंची जोडी एकच सेकंद दाखवायची आणि विचारायचं, 'दोघांत जास्त सक्षम कोण वाटतो?' चेहरा ओळखीचा निघाला तर ते उत्तर बाद. सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, ७१.६ टक्के लढतींत लोकांना जास्त सक्षम वाटलेला चेहरा विजेत्याचा होता. नाणं उडवून ५० टक्के मिळाले असते. गंमत अशी की प्रामाणिकपणाबद्दलच्या मतांवरून निकालाचा असा अंदाज बांधता आला नाही, सक्षमतेवरून मात्र आला. पुढच्या प्रयोगात वेळ सेकंदाच्या दहाव्या भागावर आणली, तरी अंदाज टिकला. 'नीट विचार करून सांगा' म्हटल्यावर मात्र तो बिघडला! म्हणजे हा कौल सावकाश विचार सुरू होण्याआधीच लागलेला असतो.

असा चेहरा असलेला माणूस खरोखर सक्षम असतो का? तसा भरवशाचा पुरावा नाही. मोठे डोळे, गोल गाल असा बाळसेदार चेहरा आपल्याला भाबडा वाटतो, ठसठशीत जबड्याचा कर्ता वाटतो. बस्स, एवढंच.

आता यावरून 'लोक थोबाड बघून मत देतात' असा निष्कर्ष काढायची घाई होते आणि तिथेच गाडी घसरते. जिंकायची शक्यता असलेल्या मतदारसंघात पक्ष मुळातच छाप पाडणारा उमेदवार उभा करतात, असं अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दिसलं. तसं असेल तर चेहरा आणि विजय यांची जोडी जुळते, पण त्यातला काही वाटा चेहऱ्याचा नसून तिकीट वाटणाऱ्यांचा असतो.

प्रतिमेचा विषय निघाला की २६ सप्टेंबर १९६० ची शिकागोतली, अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवरची चर्चा हटकून येते. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे जवळपास दोन आठवडे रुग्णालयात राहून आलेले, वजन उतरलेलं, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. स्टुडिओत पोचताना तोच गुडघा गाडीच्या दारावर पुन्हा आपटला. रंगभूषा नको म्हणाले आणि दाढीची सावली झाकायला नुसती पावडर फासली. दिव्यांखाली घाम फुटला. राखाडी सूट मागच्या राखाडी पडद्यात मिसळून गेला. शेजारी गडद सुटातले, उन्हात रापलेले केनेडी. देशभरात सुमारे सात कोटी लोक बघत होते.

त्यापुढची दंतकथा अशी: रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी. ही ज्या पाहणीवरून आली, तिच्यात रेडिओवर ऐकलेले लोक तीनशेसुद्धा नव्हते. शिवाय तेव्हा रेडिओवरच विसंबणाऱ्यांत मुळातच निक्सनकडे झुकलेले लोक जास्त असण्याची शक्यता होती. इतक्या कच्च्या आधारावर ही गोष्ट अर्धं शतक पाठ्यपुस्तकांत कशी टिकली, याचंच मला जास्त नवल वाटतं. गोष्ट अगदीच खोटी नसावी, हेही खरं. २००३ मध्ये राज्यशास्त्रज्ञ जेम्स ड्रकमन यांनी ज्यांनी ती चर्चा पूर्वी पाहिली-ऐकली नव्हती अशा तरुणांपैकी काहींना चित्रासह दाखवली आणि काहींना नुसती ऐकवली. पाहणाऱ्यांचा कौल केनेडींकडे जास्त गेला. ऐकणाऱ्यांपेक्षा पाहणारे व्यक्तिमत्त्व जास्त तोलत होते.

मला यात सगळ्यात कामाचा वाटतो तो गॅब्रिएल लेन्झ आणि चॅपल लॉसन यांचा २०११ चा निष्कर्ष. छाप पाडणाऱ्या चेहऱ्याचा फायदा सगळ्या मतदारांवर सारखा दिसत नाही. तो मुख्यतः राजकारणाची फारशी माहिती नसलेल्या, पण टीव्ही भरपूर पाहणाऱ्यांत दिसतो. ज्याला उमेदवाराचं काम किंवा पक्ष नीट ठाऊक आहे, त्याच्यापुढे चेहऱ्याची मात्रा फारशी चालत नाही.

आपल्याकडे माहितीची ती जागा पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून चिन्हाने भरून काढली. उमेदवाराचा फोटो मतदानयंत्रावर आला तो २०१५ पासून, तोही सारख्या नावांचा घोळ टळावा म्हणून. घोळ किती महागात पडतो हे रायगडमध्ये २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत दिसलं होतं: सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाने साडेनऊ हजारांहून जास्त मतं घेतली. २०२५ मध्ये बिहारपासून हा फोटो रंगीत झाला आणि त्यातल्या तीन चतुर्थांश जागेत चेहराच हवा असा नियम आला. ओळख पटवायला हे चांगलंच आहे. पण ज्याला उमेदवार ठाऊकच नाही, त्याला तोच फोटो सेकंदाच्या दहाव्या भागातला कौलही पुरवतो. शेजारी चिन्ह असल्यामुळे लोकसभेला त्याचा परिणाम थोडा असावा, असा माझा अंदाज. आपल्या महापालिकांच्या चार सदस्यांच्या प्रभागात मात्र गोष्ट वेगळी. तिथे मतदाराला चार बटणं दाबायची असतात, त्यातला एखादा उमेदवार धड माहीत असतो आणि बाकीच्यांची ओळख चौकातल्या फ्लेक्सपुरती. टोडोरोव यांचा प्रयोग कोणाला इथे करून बघायचा असेल, तर सुरुवात त्या तिसऱ्या-चौथ्या बटणापासून करावी.