हूलिगन हे आधी एका घराचं आडनाव होतं

फुटबॉल मॅच संपल्यावर स्टेडियमची मोडतोड करणाऱ्यांना इंग्रजीत हूलिगन म्हणतात आणि आपले पेपरवाले त्याचं हुल्लडबाज करतात, त्यामुळे दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण नुसता आवाज जुळतो, नातं काहीच नाही. हूलिगन आला आयर्लंडमधून, आणि ती गोष्ट सांगायलाच हवी कारण यात एका आडनावावर खरंच अन्याय झालाय.

मूळ आयरिश आडनाव साधारण ओ हूअलखॉन असं म्हणतात. यातला ओ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि हूअलखचा अर्थ अभिमानी, म्हणजे अभिमानी माणसाच्या घराण्यातला. इंग्रजांच्या राज्यात आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिली जायला लागली, कित्येक घरांचा तो ओसुद्धा गळून पडला, आणि याचं हूलिहन झालं, हॉलहन झालं. हूलिगन हे त्यातलंच एक रूप, आयर्लंडमध्ये क्वचितच दिसणारं.

मग 1898 चा उन्हाळा आला. लंडनच्या पेपरांत पोलीस कोर्टाच्या बातम्यांमध्ये हूलिगन टोळीची पोरं असं छापून यायला लागलं, तेव्हा शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळायचं की हे कुणाचंतरी नाव आहे. पण त्याच ऑगस्टमध्ये मागे इझम लागून हूलिगनिझम पण छापून आलं, हळूहळू कॅपिटल अक्षर गेलं आणि आडनावाचं सामान्यनाम झालं, अ हूलिगन, द हूलिगन्स. मराठीत कॅपिटल नसतं त्यामुळे आपल्याला हा फरक चटकन जाणवत नाही, पण इंग्रजीत ते एक अक्षर लहान झालं की माणूस जातो आणि फक्त शिवी उरते.

हा हूलिगन नक्की कोण? क्लॅरेन्स रूक या पत्रकाराने 1899 मध्ये लिहिलं की लंडनच्या साउथवर्क भागात पॅट्रिक हूलिगन नावाचा एक दांडगा बाउन्सर होता, पण शब्दकोशवाले ही गोष्ट पक्की मानत नाहीत. त्याच दशकात म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाण्या-नकलांच्या करमणुकीच्या थिएटरांत, दंगेखोर हूलिगन कुटुंबावरचं एक गाणंही चालायचं. मला गाण्याची बाजू जास्त पटते, कारण 1845 नंतरच्या दुष्काळात उपाशीपोटी आलेल्या आयरिश लोकांना लंडनने आधीच दारुडे आणि भांडखोर ठरवून टाकलं होतं, पंचसारख्या विनोदी साप्ताहिकात तर त्यांची तोंडं माकडासारखी काढायचे, मग टोळीला नाव कुणाचं देणार!

पुढे शब्द रशियात गेला, 1922 च्या फौजदारी कायद्यात हूलिगनगिरी हा रीतसर गुन्हा झाला, आणि 1985 मध्ये ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये फुटबॉल मॅचच्या दंगलीत 39 माणसं मेल्यावर जगभर फुटबॉलशी तो कायमचा चिकटला.

आणि इकडे आयर्लंडमध्ये बघा. 18व्या शतकातल्या आयरिश गाण्यांमध्ये देशालाच एका बाईचं रूप दिलंय आणि तिचं आडनाव हेच, कॅथलीन नी हूलिहन (बाईच्या नावात ओ ऐवजी नी येतो). लंडनमध्ये हूलिगन शब्द गाजत होता त्यानंतर जेमतेम चार वर्षांनी, एप्रिल 1902 मध्ये, आयरिश कवी येट्स आणि लेखिका लेडी ग्रेगरी यांचं तिच्याच नावाचं नाटक डब्लिनमध्ये लागलं आणि आयरिश स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या मॉड गॉनने ती भूमिका केली. कॅथलीन म्हातारीच्या रूपात एका घराच्या दारात येते, माझी चार हिरवी शेतं (म्हणजे आयर्लंडचे चार प्रांत) परक्यांनी घेतली म्हणते, आणि त्या घरातला लग्न ठरलेला मुलगा सगळं टाकून तिच्यामागे जातो. शेवटी त्याच्या धाकट्या भावाला विचारतात, म्हातारी जाताना दिसली का रे? तो सांगतो, म्हातारी नाही दिसली, एक तरुण मुलगी दिसली आणि तिची चाल राणीसारखी होती.