गाडी नवी, डीपी जुनी

शेजारच्या घरी संध्याकाळी साडेसातला ओसरीत स्कूटर चार्जिंगला लागते. त्याच वेळी गल्लीभर पंखे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी सुरू असतात आणि आमचा ट्यूबलाइट लुकलुकायला लागतो. दोष स्कूटरचा नाही. गल्लीच्या टोकाची डीपी, म्हणजे घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, बसली तेव्हा गावात फ्रिजसुद्धा मोजकेच होते.

विदर्भाला विजेची वाण नाही, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. वीज केंद्रंच किती: कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूर. पुढे मौदा, तिरोडा. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. कोळसा इथला, पाणी इथलं, राखही इथल्याच वावरांवर बसते. वीज मात्र मोठ्या तारांनी दूर जाते आणि शेवटच्या गावात 11 केव्हीच्या लांबलचक लाईनवरून दाब गमावत पोचते. म्हणून इथे ई-वाहनांचा विषय मेगावॅटचा कमी आणि डीपीचा जास्त आहे.

हे सगळं कृषिपंपांच्या वेळी एकदा होऊन गेलं आहे. 1960 मध्ये राज्य वीज मंडळ आलं आणि पुढच्या दशकांत विहिरीविहिरीवर मोटारी बसल्या. रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताला सगळ्यांना एकदमच पाणी हवं. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळायची. मग ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तालुक्याला न्यायची आणि दुसरी मिळेपर्यंत पीक सुकताना बघायचं. 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली, तेव्हा भारनियमन ऐन जोरात होतं. गावठाण आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनी, वेगळे करण्याचं काम त्या वर्षांतलं. अक्षय प्रकाश योजनाही तेव्हाचीच: गावाने संध्याकाळी मोटारी आणि शेगड्या लावायच्या नाहीत, तारांवरचे वीजचोरीचे आकडे काढायचे, बदल्यात दिवे सुरू राहतील. मला ती योजना फार मोलाची वाटते. कोणती वीज कोणत्या वेळी वापरायची, हे तेव्हा माणसांनी पारावर बसून ठरवलं होतं.

गाड्यांचा इतिहास त्यामानाने छोटा. 2015 मध्ये ई-वाहनांना अनुदान देणारी केंद्राची ‘फेम’ योजना आली. मे 2017 मध्ये नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला. 2018 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, त्यासाठी परवाना नको. राज्याची ई-वाहन धोरणं 2018, 2021 आणि 2025 ची. चार्जिंग स्टेशनं शहरांत आणि महामार्गांवर उभी राहिली. खेड्यात चार्जर म्हणजे अजूनही घरातला सॉकेट.

हिशेब साधा आहे. स्कूटरचे 750 वॅटचे पाच चार्जर म्हणजे पाच एचपीचा एक पंप. घरी कारसाठी 7.4 किलोवॅटचा चार्जर बसवला तर तसले दोन पंप. पंपाचा भार निदान शेतीच्या फीडरवर असतो. स्कूटरचा भार गावठाणाच्या डीपीवर पडतो आणि तोही दिवेलागणीनंतर, जेव्हा वीज सगळ्यात महाग असते.

दिवसाचं चित्र उलटं आहे. 2017 पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीला दिवसा वीज द्यायला सुरुवात केली. ज्याने रात्री साप आणि रानडुकरांच्या धास्तीत धुऱ्यावरून बॅटरी घेऊन ओलित केलं आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. दुपारी आता सूर्याची वीज भरपूर असते, आणि 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर सवलतही आहे.

पण त्या वेळी स्कूटर घरी नसते. ती शाळेच्या आवारात लिंबाखाली असते, तहसीलसमोर असते, नाही तर कापसाच्या जिनिंग कारखान्यात. कापूस घेऊन आलेला माणूस तिथे काट्यावर नंबर लागेपर्यंत चार-चार तास थांबतो. वर पत्र्याचं लांबच लांब छप्पर, आत थ्री-फेज लाईन. पहिला चार्जर तिथे लागायला हवा.