लॅटिनो पर्यायी कॉमिक्समधील वांशिक आणि लिंगभाव ओळख

अमेरिकेत राहणाऱ्या मेक्सिकन, पोर्तोरिकन, क्यूबन व इतर लॅटिन अमेरिकी वंशाच्या चित्रकारांनी १९८० नंतर मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या बाहेर काढलेल्या कॉमिक्समध्ये वंश, वर्ण, स्त्रीत्व, पुरुषत्व आणि लैंगिकता यांचे जे चित्रण आले, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. या परंपरेचा कणा म्हणजे हर्नांडेझ बंधूंची ‘लव्ह अँड रॉकेट्स’ ही कॉमिक्स-मालिका. त्यातल्या पात्रांना ‘मी कोण’ याचे उत्तर एकदाच देऊन मोकळे होता येत नाही. वय वाढते, शरीर बदलते, गाव सुटते, तसे ते उत्तर बदलत जाते.

अमेरिकेतील कॉमिक्स उद्योगाने १९५४ मध्ये स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ ही मजकुरावरील निर्बंधांची नियमावली लादून घेतली. समलैंगिकतेला त्यात ‘लैंगिक विकृती’ ठरवून तिचा सूचक उल्लेखही वर्ज्य केला होता. हे बंधन १९८९ पर्यंत टिकले. लॅटिनो पात्रे मुख्य प्रवाहात फार उशिरा आली. ‘मार्व्हल’चा पोर्तोरिकन नायक व्हाइट टायगर १९७५चा, तर ‘डीसी’चा ब्रेकडान्स करणारा व्हाइब १९८४चा. दोघेही आपापल्या समाजाचे एकांडे प्रतिनिधी होते, आणि अशा पात्राच्या वाट्याला स्वभावापेक्षा खुणाच जास्त येतात. कोड झुगारणाऱ्या भूमिगत कॉमिक्सने मात्र वेगळी वाट उघडली होती. ‘विमेन्स कॉमिक्स’ १९७२ मध्ये आणि ‘गे कॉमिक्स’ १९८० मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास केवळ कॉमिक्स विकणारी दुकाने वाढली आणि थोड्या प्रतींचे कृष्णधवल अंकही थेट वाचकापर्यंत पोचू लागले.

मारिओ, गिल्बर्ट (जन्म १९५७) आणि हाइमे (जन्म १९५९) हे हर्नांडेझ बंधू कॅलिफोर्नियातील ऑक्सनर्ड या शेतमजुरांच्या वस्तीच्या गावात वाढले. आईला स्वतःला कॉमिक्सची आवड असल्याने घरात कॉमिक्सना मज्जाव नव्हता. तरुणपणी त्यात पंक रॉकची भर पडली. परवानगी न मागता, हाताशी असेल त्या साधनांनी काम सुरू करायचे, हा पंकचा धडा घेऊन त्यांनी १९८१ मध्ये पहिला अंक स्वतःच छापला. समीक्षणासाठी तो ‘फँटाग्राफिक्स’ या प्रकाशनसंस्थेचे गॅरी ग्रॉथ यांच्याकडे पाठवला, तर त्यांनी तो प्रकाशित करण्याचीच तयारी दाखवली आणि १९८२ पासून ‘फँटाग्राफिक्स’तर्फे मालिका सुरू झाली. पहिल्या पर्वाचे ५० अंक १९९६ पर्यंत निघाले. पुढेही वेगवेगळ्या स्वरूपांत ती चालू राहिली. गिल्बर्ट आणि हाइमे यांचा समावेश २०१७ मध्ये आइस्नर या कॉमिक्ससाठीच्या अमेरिकी पुरस्कारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये झाला.

हाइमेच्या कथा ‘लोकास’ नावाने ओळखल्या जातात. त्या प्रामुख्याने ऑक्सनर्डवर बेतलेल्या हॉपर्स या काल्पनिक वस्तीत घडतात. मॅगी, म्हणजे मार्गारिता लुईसा चास्कारियो, ही मेकॅनिकचे काम करणारी मेक्सिकन-अमेरिकन मुलगी. होपी, म्हणजे एस्परान्सा ग्लास, पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवते. ती आईकडून कोलंबियन आहे. दोघी मैत्रिणी आहेत, प्रेयसी आहेत, कधी एकमेकींना टाळणाऱ्या आहेत. मॅगीचे पुरुषांवरही जीव जडतात. या नात्याला कथेत कोणी बिरूद चिकटवत नाही आणि ‘आम्ही अशा आहोत’ असे जाहीर करण्याचा नाट्यमय प्रसंगही त्याभोवती उभारलेला नाही. कोड अजून लागू असतानाच्या काळात दोन तपकिरी मुलींचे प्रेम इतक्या सहजपणे घरातल्या पसाऱ्यात, भाड्याच्या चिंतेत आणि मैफिलींच्या गोंगाटात दाखवणे, हे माझ्या मते हाइमेचे सर्वांत मोठे काम आहे.

या मुली एकाच वेळी दोन जगांत वावरतात. एकीकडे बॅरिओ, म्हणजे लॅटिनो वस्ती, तिथले चोलो, म्हणजे टोळीसंस्कृतीतले मेक्सिकन-अमेरिकन तरुण, आजी-मावश्यांचे नात्यागोत्याचे जाळे. दुसरीकडे बहुतांशी गोऱ्या मुलांचा पंक. दोन्हीकडे त्या थोड्या उपऱ्याच. पुरुषत्वाची किंमतही हाइमे बारकाईने मांडतो. ‘द डेथ ऑफ स्पीडी’ या १९८०च्या दशकाच्या अखेरीच्या कथेत देखणा स्पीडी ऑर्टिझ दोन वस्त्यांच्या टोळीवैरात आणि स्वतःच्या प्रेमप्रकरणांच्या गुंत्यात संपतो. पुढे ‘ब्राउनटाउन’ (२०१०) मध्ये मॅगीचा धाकटा भाऊ काल्विन मोठ्या मुलाच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडतो आणि बोलू शकत नाही. त्या मौनाचे परिणाम ‘द लव्ह बंगलर्स’मध्ये, तो मोठा झाल्यावर, सगळ्यांना भोगावे लागतात. पुरुषावरील अत्याचार आणि त्याभोवतीची लाज कॉमिक्समध्ये इतक्या संयमाने क्वचितच आली असेल.

यातला काळ खरा आहे. अतिमानवी नायक दशकानुदशके तरुणच राहतात. मॅगीचे वय वाचकाबरोबर वाढते. ती जाड होत जाते, आणि हाइमे तिला पुन्हा सडपातळ करून ‘नायिका’ बनवत नाही. तिचे संकोच, कपडे निवडतानाची चिडचिड, तरीही तिच्याकडे ओढले जाणारे लोक, हे सारे कथेत येते. तिची मावशी व्हिकी ग्लोरी आणि रेना तितान्योन या कुस्तीगीर असल्यामुळे बलदंड, थकलेल्या, जखमी स्त्रीदेहांनाही इथे मान आहे. ‘इज धिस हाउ यू सी मी?’ (२०१९) मध्ये मॅगी आणि होपी मध्यमवयात जुन्या पंक मंडळींच्या मेळाव्याला जातात. होपीचा आता एका स्त्रीबरोबर संसार आहे, मूल आहे. मॅगीशी असलेली ओढ संपलेली नाही, पण तिला आता जुनी जागाही उरलेली नाही.

गिल्बर्टने वेगळे भूगोल निवडले. त्याच्या कथांचे केंद्र पालोमार हे अमेरिकेच्या सीमेच्या दक्षिणेकडील एक काल्पनिक खेडे. १९८३च्या ‘हार्टब्रेक सूप’पासून ते उभे राहिले. संवाद इंग्रजीत छापलेले असले तरी माणसे स्पॅनिश बोलत आहेत हे गृहीत आहे. त्यामुळे ‘अल्पसंख्याक’ असणे हा इथला प्रश्नच नाही. वर्ण, वर्ग आणि मूलनिवासी वंश यांची उतरंड गावाच्या आतच आहे. चेलो आधी दाई, मग शेरीफ. हातोडा घेऊन वावरणारी, अनेक मुलांची आई असलेली लुबा आधी लोकांना आंघोळ घालण्याचा धंदा करते आणि पुढे गावाची महापौर होते. सत्ता बायकांच्या हातात आहे. तिची फारशी चर्चा होत नाही, ती वापरली जाते.

‘ह्यूमन डायास्ट्रॉफिझम’मध्ये गावात खुनी शिरतो, पण कथेचा खरा आघात तोनान्त्सिनचा आहे. मेक्सिकोतील नाहुआ या मूलनिवासी समाजाच्या मातृदेवतेचे नाव धारण करणारी ही तरुणी आधी तळलेल्या गोगलगायी विकते. मग राजकीय पत्रांच्या प्रभावाखाली मूलनिवासी वेश घालू लागते आणि अखेर निषेध म्हणून स्वतःला पेटवून घेते. वंशाची ओळख इथे सुखाचा ठेवा म्हणून येत नाही. गावकरी तिला हसतात, तिची भीती खरी होती की भास, हे गिल्बर्ट ठरवून देत नाही. वाचकाला मात्र हसणाऱ्यांच्या बाजूने राहणे शक्य होत नाही.

‘पॉयझन रिव्हर’ लुबाचे पूर्वायुष्य सांगते. तिचा जन्मदाता गरीब मूलनिवासी मजूर, आई तिला सोडून जाणारी. तिच्या नवऱ्याच्या गुन्हेगारी वर्तुळातील इसोबेल ही पारलिंगी स्त्री कथेत महत्त्वाची आहे. याच कथेत पेद्रो पाकोतिया नावाचे एक काल्पनिक कॉमिक लोक वाचत असतात. त्यातला काळा मुलगा म्हणजे जाड ओठांचे वंशवादी व्यंगचित्र. असे चित्र लॅटिन अमेरिकेत खरोखर लोकप्रिय होते: मेक्सिकोच्या मेमिन पिंग्विन या पात्रावर २००५ मध्ये टपाल तिकिटे निघाली तेव्हा अमेरिकेतून तीव्र निषेध झाला होता. लॅटिनो समाजात काळ्या माणसाकडे कसे पाहिले जाते हे गिल्बर्टने कॉमिक्सच्याच हत्याराने दाखवले. आपल्या समाजाची बाजू घेताना आपल्यातला वर्णद्वेष न लपवण्याची ही हिंमत मला फार मोलाची वाटते.

लुबाच्या मुली उत्तरेकडे येतात तेव्हा प्रश्न बदलतात. मारिसेला आपल्या प्रेयसीबरोबर, रिरीबरोबर, पालोमारमधून पळते. लॉस एंजेलिसमध्ये दोघींना समलैंगिक म्हणून आणि कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित म्हणून, अशा दुहेरी धास्तीत जगावे लागते. धाकटी दोरालिस दूरचित्रवाणीवर मुलांचा कार्यक्रम करणारी तारका आहे, आणि तीही समलैंगिक आहे.

लुबाच्या अतिभव्य स्तनांच्या रेखाटनावर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. गिल्बर्टने उघड कामुक कॉमिक्सही केली आणि दोन्ही प्रकारांतली सीमा त्याच्याकडे नेहमी स्पष्ट नसते. लुबाचे शरीर तिच्यासाठी त्रास, कष्ट आणि म्हातारपण यांचेही ठिकाण आहे, हे खरे. तरी काही पानांवर पुरुषी नजरच वरचढ ठरते.

हर्नांडेझ बंधूंच्या बाहेरची उदाहरणे कमी प्रसिद्ध आहेत. ब्रॉन्क्सचे पोर्तोरिकन वंशाचे इव्हान व्हेलेझ यांनी १९८७ पासून ‘टेल्स ऑफ द क्लॉझेट’ काढले. न्यूयॉर्कच्या हेट्रिक-मार्टिन इन्स्टिट्यूटने समलैंगिक किशोरवयीनांसाठी ते प्रकाशित केले. घरातून हाकलले जाण्याची भीती, शाळेतली मारहाण, एड्सचा काळ यांना सामोऱ्या जाणाऱ्या मुलांना आपल्यासारखी मुले पानावर दिसावीत, हा त्यामागचा थेट उपयोग होता. कलेच्या चर्चेत या कामाला मिळालेली जागा अपुरी आहे. व्हेलेझ यांनी पुढे १९९०च्या दशकात ‘ब्लड सिंडिकेट’ हे अतिमानवी नायकांचे कॉमिक लिहिले.

लॉरा मोलिना यांचा ‘द जॅग्वार’ हा १९९६चा अंक कॅलिफोर्नियाच्या ‘प्रपोझिशन १८७’ या स्थलांतरितविरोधी प्रस्तावानंतरच्या संतापातून आला. त्यात कायद्याची विद्यार्थिनी लिंडा रिव्हेरा मेशिका, म्हणजे अ‍ॅझ्टेक, परंपरेतून बळ घेऊन लढते. क्रिस्टी रोड यांच्या ‘स्पिट अँड पॅशन’ (२०१२) मध्ये मायामीतील क्यूबन कॅथलिक घरातली बारा वर्षांची मुलगी ‘ग्रीन डे’ या बँडच्या वेडातून स्वतःची लैंगिकता समजून घेते. आपल्या घराशी नाते न तोडता वेगळे कसे राहायचे, हा तिचा पेच आहे, आणि पुस्तक तिला घाईने घराबाहेर काढत नाही.