‘शुगर’मधला ‘श’ कुठला?

‘शुगर’ हा इंग्रजी शब्द मुळात संस्कृत ‘शर्करा’पासून निघाला, हे विधान बरोबर आहे; मात्र त्याचा पुरावा म्हणून दोन्ही शब्दांच्या आरंभीच्या ‘श’कडे बोट दाखवले जाते, ते चुकीचे आहे.

‘शर्करा’ म्हणजे मुळात बारीक खडे, वाळू. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही हेच नाव आहे. गोड पदार्थाला ते का मिळाले, हे सांगली जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आजही पाहता येते. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी बरणीत काही महिने राहिली, की तळाशी पिवळसर खडे जमतात आणि चिमटीत चोळले तर वाळूसारखे कचकचतात. काकवीत पाण्याच्या मानाने सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, इतके जास्त असते, की ते सगळे विरघळलेले राहू शकत नाही. जादा रेणू ठरावीक रचनेत एकमेकांना चिकटत जातात आणि स्फटिक तयार होतो. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीस यानेही भारतातल्या ‘साकारॉन’चे वर्णन करताना, हा पदार्थ मिठासारखा घट्ट असून दातांखाली फुटतो, असेच लिहून ठेवले आहे.

पुढे पदार्थाबरोबर नावही पश्चिमेकडे गेले. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’, फ्रेंचमध्ये ‘स्युक्र’ अशी रूपे घेत ते १३व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोहोचले. म्हणजे मूळचा ‘श’ अरबीतच ‘स’ झाला होता आणि इंग्रजांच्या हाती शब्द आला तो ‘स’ घेऊनच. आजच्या उच्चारातला ‘श’ नंतर इंग्रजीतच घडला: ‘स्यु’मधले ‘स’ आणि ‘य’ एकजीव झाले, जसे ते ‘शुअर’ या शब्दातही झाले. इकडे प्राकृत ‘सक्करा’मधून आलेल्या आपल्या ‘साखरे’ने मात्र ‘स’ टिकवला.

व्युत्पत्तीत कानाला जुळणाऱ्या ध्वनीपेक्षा मधल्या टप्प्यांच्या लेखी नोंदींना अधिक मोल असते, आणि ते तसेच असायला हवे. साताऱ्याच्या पेढ्यातला ‘कंदी’ हा शब्द ‘कँडी’वरून आला असे सांगितले जाते, ते केवळ उच्चार जुळतो एवढ्यावर मी मान्य करणार नाही. खुद्द ‘कँडी’ची साखळी मात्र पक्की आहे: संस्कृत ‘खंड’, फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’ आणि मग फ्रेंच. गुळासाठी वापरला जाणारा ‘जॅगरी’ हा शब्दही ‘शर्करे’चाच वंशज असून, तो केरळातून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. ‘साकारॉन’ या ग्रीक रूपावरून ‘सॅकरीन’ या कृत्रिम गोड पदार्थाचे नाव घडले. १८७९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन फाल्बर्ग यांना सापडलेल्या त्या पदार्थात साखर अजिबात नसते.

अर्थही बदलत गेला. रसायनशास्त्रात ‘शुगर’ हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे आणि दुधातले लॅक्टोजही त्यात येते. दवाखान्यात मात्र ‘शुगर’ म्हणजे रक्तातले ग्लुकोज. ‘मी चहात साखर घेत नाही, मग शुगर कशी वाढली?’ असे रुग्ण कळकळीने विचारतात, तेव्हा एकाच मुळाचे दोन शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी येतात: चहातली साखर म्हणजे सुक्रोज आणि तपासणीत मोजतात ते ग्लुकोज. सुक्रोज आतड्यात फुटते, तेव्हा त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळते. भाकरीतल्या आणि भातातल्या स्टार्चचे तर पचनानंतर ग्लुकोजच होते.