पीएफ भरला म्हणून ग्रॅच्युइटी फिटत नाही

जळगाव एमआयडीसीत चटईचा नाहीतर डाळीचा कारखाना घरच्या चार माणसांवर उभा राहतो. दहा वर्षांत हजेरीपटावर पंचवीस नावं चढतात, आणि मग शेठ विचारतात, "पीएफ भरतोय ना दर महिन्याला? मग ही ग्रॅच्युइटी कसली?"

गोंधळ कुठून येतो ते कळतं. आपल्याकडे सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, हिशेब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मिटतो. जुनं साल संपलं, नवा बोल ठरला. पीएफ दर महिन्याला मिटतो, म्हणून या सवयीत बसतो; ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने एकरकमी द्यायचा पैसा, बसत नाही.

पीएफचा कायदा १९५२चा, वीस माणसांपासून लागू. पगारातून १२ टक्के कापायचे, तेवढेच पदरचे घालायचे. १३,००० पगार असेल तर दोन्हीकडून १,५६०. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरले की त्या महिन्यापुरते मालक मोकळे. माणूस वर्षभरात सोडून सुरतेला गेला तरी खातं त्याचंच.

ग्रॅच्युइटी १९७२च्या कायद्याने आली. ती दहा माणसांपासूनच लागते, म्हणजे पीएफच्या आधी. कामगाराच्या पगारातून यात छदामही कापायचा नाही. साधारणपणे सलग पाच वर्षं भरली की हक्क. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर तीही अट नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या कामगाराला तर एका वर्षावरच हक्क दिला.

हिशेब सोपा: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १३,०००वर आठ वर्षांचे ६०,००० होतात. आता खरी मेख ऐका. याच माणसाचा पगार तुम्ही १५,६०० केलात, तर आकडा ७२,००० होतो. मागची आठही वर्षं नव्या दराने मोजली जातात. पगारवाढीच्या दिवशी पेढे वाटताना हे बारा हजार कुणाच्याच वहीत चढत नाहीत! दर मार्चला प्रत्येक नावापुढे हा आकडा मांडावा, जमलं तर एलआयसीच्या गट योजनेत टाकावा.

नेमणूकपत्रं छापायला घेतलीत की एक चूक हमखास होते. जुन्या माणसांच्या पत्रात रुजू तारीख म्हणून पीएफ सुरू झाल्याची तारीख टाकतात. ग्रॅच्युइटी मात्र तो पहिल्यांदा कामावर आला त्या दिवसापासून धरतात. म्हणून जुने हजेरीपट रद्दीत घालू नका.