घरी टेप केलेली मालिका विकता येते का? : पार्श्वभूमी

जुन्या मालिकांचे 'सगळे भाग एका पेनड्राइव्हवर' विकणाऱ्यांचे दोन युक्तिवाद ठरलेले असतात. रेकॉर्डिंग आमच्या घरचे आहे, कुणाच्या सीडीची नक्कल नाही. आणि पंचवीस वर्षे उलटली, आता हक्क कुणाचा उरला? दोन्हींत चिमूटभर तथ्य आहे, सगळा घोळ त्या चिमटीतच आहे.

पंचवीस वर्षांचा आकडा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातला. तो प्रक्षेपणाच्या हक्काचा, म्हणजे प्रसारण करणाऱ्याच्या स्वतःच्या प्रसारणावरच्या हक्काचा आहे, मालिकेच्या नव्हे. तो कायद्यात आला तेव्हा देशात दूरदर्शन नव्हतेच, डोळ्यांसमोर होता रेडिओ. मालिका कायद्याच्या लेखी चलचित्र, म्हणजे सिनेमासारखीच कृती, ठरते आणि चलचित्राची मुदत १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासवरून साठ वर्षांवर गेली. १९८८ साली रविवारी सकाळी दिसलेल्या भागाचा प्रक्षेपण-हक्क २०१३ अखेर संपला. तो भाग त्याच साली प्रकाशित झाला असे धरले, तर त्याचा स्वामित्वहक्क मात्र २०४८ अखेरपर्यंत जिवंत आहे. विक्रेते यातला सोयीचा आकडा तेवढा उचलतात.

घरच्या रेकॉर्डिंगचा युक्तिवाद जास्त गुंतागुंतीचा आहे. तो टेकतो एका शब्दावर : 'खासगी वापर'. व्हीसीआर घरोघरी आले त्या काळात घरी मालिका टेप करणे चोरी आहे, असे कुणाच्या मनातही येत नसे. कायद्यात मात्र त्याला परवानगी कुठेच लिहिलेली नव्हती. खासगी वापराची सवलत होती ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींसाठी. पुस्तकातला उतारा वहीत उतरवून घेणाऱ्याला संरक्षण होते, कॅसेटवर मालिका उतरवून घेणाऱ्याला नव्हते. कारवाई कुणी केली नाही ही गोष्ट वेगळी. ही फट दोन हप्त्यांत बुजली. १९९४ ची दुरुस्ती १९९५ मध्ये लागू झाली आणि कलम ३९ ने स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले रेकॉर्डिंग प्रक्षेपण-हक्काच्या कचाट्यातून सोडवले. चलचित्राच्या बाजूने तीच मोकळीक मिळायला २०१२ उजाडले, कारण तेव्हा कलम ५२ मधली सवलत संगणक-प्रणाली सोडून 'कोणत्याही कृती'ला लागू झाली.

कलम ३९ ची शब्दरचना नीट वाचण्यासारखी आहे. वापर खासगी हवा एवढेच ते म्हणत नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा खासगी वापर, असे म्हणते. म्हणजे मी टेप केलेली मालिका मी पाहणे सवलतीत बसते. पैसे घेऊन ती दुसऱ्याला दिली, की तो ती घरात एकटाच बसून पाहणार असला तरी सवलत लागू होत नाही. 'घेणारा घरीच पाहणार आहे ना' हा बचाव त्यामुळे फसवा आहे. शेजारणीला एक भाग फुकट दिला तर काय, हा प्रश्न उरतोच. अक्षरशः वाचले तर तोही सवलतीबाहेर जातो. मला हे ताणलेले वाटते, पण शब्द तसे आहेत.

विक्रीबाबत कायदा कधीच संदिग्ध नव्हता. अनधिकृत प्रत विकणे, भाड्याने देणे, एवढेच नव्हे तर विक्रीसाठी मांडणेही कलम ५१ मध्ये भंग ठरते. म्हणजे एकही प्रत खपली नाही तरी जाहिरात पुरेशी. व्हिडिओ कॅसेटच्या चोरबाजारामुळे १९८४ साली शिक्षा वाढली : सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. त्याच दुरुस्तीने व्हिडिओ फिल्मच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि परवान्याचे निवेदन सक्तीचे केले.

महाराष्ट्राने पुढचे पाऊल २००९ मध्ये टाकले. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सही आले. अधिकृत मराठीत त्यांचे नाव आहे 'दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती'. खरा धंदा प्रती विकण्याचा, नाव मात्र प्रदर्शनाचे! शिवाय हातभट्टीच्या पंगतीत पेनड्राइव्हवाल्याला बसवणे हे जरा अतीच.

इंटरनेटने फारसे काही बदलले नाही, फक्त फुटपाथवरचा माल वेबसाइटवर आला. २०१२ च्या दुरुस्तीने हक्कधारकाची लेखी तक्रार आल्यावर, तो मजकूर साठवणाऱ्या वेबसाइटने एकवीस दिवस त्या मजकुराची वाट बंद ठेवण्याची तरतूद आणली. त्यापुढे न्यायालयाचा आदेश लागतो. भंगाचा हा 'तीन वर्षांपर्यंत' शिक्षेचा गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरला. धंद्यातल्या लाभासाठी भंग केलेला नसेल तर किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे. पेनड्राइव्हवर किंमत लिहिलेली असेल, तर तो रस्ता जवळपास बंद होतो.

विकत घेऊन घरी पाहणाऱ्याचा उल्लेख कलम ५१ मध्ये नाही. परदेशातून आणणाऱ्याला तर स्वतःच्या घरगुती वापरासाठी एक प्रत आणण्याची मुभाच आहे. एकच, दुसरी नाही.